कलपाची वही कोर्टात

पाटी तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद होती. १९५६ सालच्या होळीनंतरच्या बाजाराला तिच्यावरचा मजकूर वाचून रघुनाथराव बेलखोडे सौंसरच्या भर रस्त्यात असे थबकले, की मागून येणारी संत्र्यांची हातगाडी त्यांच्या टाचेवर चढली. हातगाडीवाला काय बोलला ते त्यांना ऐकूही आलं नाही. ते वाचत होते : 'असली भ्रमरकांती कलप. पांढऱ्याचे काळे. मालक मुकुंद गायधने.'

आता भ्रमरकांती कलप पांढुर्ण्याला रघुनाथरावांच्या औषधी दुकानात तयार होत असे. माका, हिरडा, नीळ आणि लोखंडाचा कीस यांचं प्रमाण त्यांनी स्वतःच्या डोक्यावर प्रयोग करून बसवलं होतं. त्या प्रयोगांत जे केस गेले ते परत आले नाहीत, त्यामुळे कलप शोधणाऱ्याला स्वतःला कलपाची गरज उरली नव्हती. नावही त्यांचंच. 'भ्रमर' सुचायला तीन दिवस लागले होते आणि 'कांती' सुचायला आठ. अकरा दिवसांची ही तपश्चर्या गायधन्यानं तंबाखूच्या दुकानावर टांगली होती, आणि वर 'असली' म्हणून!

रघुनाथराव दुकानात शिरले.

"गायधने, ही पाटी उतरवा."

"काहून?"

"भ्रमरकांती माझी आहे."

"असं का? माझ्या बापानं एकोणपन्नासच्या दसऱ्याला काढली भ्रमरकांती. छापील जाहिरात आहे माझ्यापाशी. तुमच्यापाशी काय आहे?"

रघुनाथरावांपाशी त्या क्षणी फक्त छत्री होती. ती आपण उगारली नाही याचा त्यांना पुढे महिनाभर अभिमान वाटला, आणि त्यानंतर वर्षभर पश्चात्ताप.

पांढुर्ण्यात माणसाला दुखणं झालं तर औषध एकटा वैद्य देतो, पण अपमान झाला तर सगळी आळी देते. पोस्टातून निवृत्त झालेले पुंडलिकराव म्हणाले, "रजिस्टर नोटीस द्या. रजिस्टरला माणूस भेते." नोटीस दिली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली, आणि पुंडलिकराव शेऱ्याचं अक्षर किती वळणदार आहे हेच पाहत बसले. शेजारचे भिवाजी घड्याळजी म्हणाले, "तुम्ही पण पाटी लावा, 'खरी असली' म्हणून." यावर रघुनाथरावांनी दोन दिवस खरोखर विचार केला. पण मग गायधने 'सर्वांत असली' लिहील, आणि मराठी भाषा कुठवर पुरणार?

शेवटी ते सौंसरला विनायकराव डबीर वकिलांकडे गेले. वकिलांनी पान लावता लावता सगळं ऐकलं.

"पाटी उतरवायचीच आहे नं? त्यात काय? एक दावा, दोन तारखा. दिवाळीच्या आत पाटी खाली."

दिवाळीच्या आत पाटी खाली आली नाही. ऐन दिवाळीत राज्यच बदललं. नागपूर राजधानी होती ती परक्या राज्यात गेली, पांढुर्णा-सौंसर होते तिथेच राहिले आणि त्यांची राजधानी भोपाळ झाली. कोणाला दुःख झालं, कोणाला आनंद. रघुनाथरावांना तारीख मिळाली. दावा मराठीत लिहिलेला होता, नवे न्यायाधीश रीव्याकडून आले होते. सगळे कागद हिंदीत करून आणा, असं सांगण्यात आलं. ते टाइप करणाऱ्यानं 'कलप'चं 'कल्प' केलं, आणि कारकुनानं विषय धार्मिक समजून ही फाइल देवस्थानाच्या दाव्यांत बांधून ठेवली. तिथून ती बाहेर येईपर्यंत संक्रांत गेली. दर तारखेला रघुनाथराव पांढुर्ण्याहून बसनं निघत, जामसांवलीचा फाटा आला की बसमधूनच तिथल्या मारुतीमहाराजांना हात जोडत, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत येत. मारुतीरायालाही एव्हाना त्यांच्या तारखा पाठ झाल्या असतील.

आणि मग गायधन्याच्या वकिलानं तो अर्ज केला.

"हुकूम झाला," डबीर वकील म्हणाले. "सत्तेचाळीसपासून आजपर्यंतच्या तुमच्या कलपाच्या वह्या पंधरा दिवसांत कोर्टात हजर करायच्या आणि समोरच्याला पाहू द्यायच्या. नाहीतर दावा खारीज."

"अहो, चोर तो आणि झडती माझी?"

"झडती नाही. याला दस्तऐवज दाखवणं म्हणतात. दावा तुम्ही केला नं? मग आधीपासून कलप बनवून राहिलो, हे कशावरून? वहीवरून. वही कोणापाशी? तुमच्यापाशी."

"पण ती वही दाखवता येत नाही."

"काहून?"

रघुनाथराव छत्री घेऊन उठले. हे वकिलाला सांगणंही विश्वासघातच होता.

कारण ती विक्रीची साधी वही नव्हती. माणसागणिक केसाची जात वेगळी, म्हणून रघुनाथराव प्रत्येकाचं नाव, तारीख, कलपाचं प्रमाण आणि झालेला परिणाम डॉक्टरी शिस्तीनं लिहून ठेवत. 'डाव्या कल्ल्यास जांभळी झाक.' 'घामाबरोबर कॉलरवर उतरतो, हिरडा वाढवणे.' 'लग्न उद्या, प्रमाण दुप्पट दिले, जबाबदारी त्यांची.' गावात आणि आजूबाजूला कलप लावणारी माणसं सत्तावीस होती, आणि आपण सोडून कोणी लावत नाही अशी सत्तावीसही जणांची समजूत होती. प्रत्येकाला रघुनाथरावांनी एकच वचन दिलं होतं : मी जिवंत आहे तोवर हे नाव कोणाला कळणार नाही.

हुकुमाची बातमी त्यांच्याआधी पांढुर्ण्याला पोचली. दुसऱ्या दिवशी दुकानात अचानक हिंगाष्टक चूर्णाला मागणी आली. एकेक जण येई, हिंगाष्टक मागे, इकडेतिकडे पाही आणि पुडी बांधून होईपर्यंत कुजबुजे.

"उंदीर नाहीत का तुमच्या घरी?" एकानं विचारलं.

"आहेत नं."

"मग वही त्यांच्या पुढ्यात टाका. कोर्ट काय उंदरावर दावा करते?"

दुसऱ्यानं वही जाम नदीत सोडायला सांगितली, तिसऱ्यानं सरळ नवी लिहायला सांगितली, "तुमच्याच हाताची राहीन, खोटी कशी म्हणतीन?" गुणवंतबुवा कीर्तनकार तर दुकान बंद व्हायच्या वेळी आले. बुवांचं निरूपण वैराग्यावर असे, आणि बुवांचे कल्ले दरमहा दीड बाटलीवर उभे होते.

"रघुनाथराव," बुवा गहिवरून म्हणाले, "देह नाशिवंत आहे हे मी लोकांना सांगतो. लोकांनी मला सांगू नये एवढी सोय करा."

रघुनाथराव घरी येऊन न जेवता बसले. वही लपवली तर दावा जातो आणि गायधने जन्मभर असली ठरतो. वही दाखवली तर सत्तावीस माणसांना तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि त्यांनाही. खोटी वही लिहावी, तर ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत आणि डोक्यावर केस नसल्यामुळे ते लांबून दिसत.

"दावा सोडून द्या," त्यांच्या पत्नी अंबाबाई म्हणाल्या.

"अकरा दिवस लागले होते नावाला."

"मला माहीत आहे. त्या अकरा दिवसांत तुम्ही भाजीत दोनदा मीठ मागितलं, आणि ते दोनदाही होतं."

शेवटी एकही नाव न घेता त्यांनी वकिलांना अडचण सांगितली, आणि मार्ग डबीर वकिलांनीच काढला. कायद्यानं दाव्याशी संबंध नसलेला मजकूर झाकता येतो. तारखा उघड्या ठेवा, नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा. रघुनाथरावांना वाटलं, कायदा वाटतो तितका वाईट नाही. दोन दुपारी नवरा-बायको कणकेची खळ करून पट्ट्या चिकटवत बसले. साडेतीनशे नोंदी, साडेतीनशे पट्ट्या. तारखेच्या आदल्या दुपारी वही सुकायला अंगणात उघडी ठेवली आणि दोघं जरा पडले.

भिवाजींच्या बकरीला कणीक आवडत असे.

बकरीनं कागद खाल्ला असता तर रघुनाथरावांनी तिला मनातून हार घातला असता. पण बकरी चोखंदळ. वारा पानं उलटत गेला तसतशी तिनं पट्टी तेवढी चाटून सोलून खाल्ली आणि खालचं नाव स्वच्छ करून ठेवलं. एक कोपरा मात्र चावला होता, तो पाहून भिवाजी म्हणाले, "पोट बिघडलं तर हिच्या दवाचं तुम्ही पाहा."

पट्ट्या पुन्हा चिकटवायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी वही जशी होती तशी कोर्टात हजर झाली. न्यायाधीशांनी ती उघडली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली.

"यह कौन-सी लिपि है?"

"मोडी, हुजूर," डबीर वकील म्हणाले. रघुनाथरावांच्या आजोबांपासून दुकानाचं लिखाण मोडीतच होतं.

गायधन्याचा वकील बी.ए. होता, त्यालाही ती येत नव्हती. कोर्टातला मोडी वाचणारा एकुलता एक कारकून राज्यांच्या वाटणीत मुंबई राज्याच्या वाट्याला गेला होता. रघुनाथरावांच्या जिवात जीव आला. पण न्यायाधीश तरुण आणि उत्साही होते. या तहसिलीत मोडी वाचणारा, दोन्ही बाजूंना मान्य असलेला, खरा माणूस कोणी आहे की नाही?

"आहे नं," दोन्ही वकील एकाच वेळी म्हणाले. "नत्थूजी मास्तर."

नत्थूजी काळबांडे पांढुर्ण्याच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. निम्मं गाव त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालेलं, रघुनाथरावही त्यांत आले. वय त्रेसष्ट, पाठ ताठ, मिशी काळीभोर. मास्तर खोटं बोलल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. कोर्टानं दोन्ही बाजूंच्या संमतीनं त्यांचं नाव लिहून घेतलं. त्या वहीतलं पहिलं नाव नत्थूजी मास्तरांचं होतं. नुसतं पहिलंच नव्हे, दसरा एकोणपन्नासच्या आधी वहीत दुसरं नावच नव्हतं. बाकीच्यांना कलपाचा धीर यायला दोन वर्षं लागली होती. म्हणजे दावा जिंकायचा तर त्याच नोंदी वाचायला हव्यात, आणि त्या वाचणार मास्तर.

मास्तर दोन दिवसांनी दुकानात आले. त्यांनी हिंगाष्टक मागितलं नाही.

"समन्स आलं मला. वही कुठून सुरू होते?"

"तुमच्यापासून, सर."

"हं."

"सर, मी दावा मागे घेतो."

मास्तरांनी फळीवरच्या बरण्या डावीकडून उजवीकडे पाहिल्या, जशी पूर्वी वर्गातली पोरं पाहत, आणि निघून गेले. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात रघुनाथरावांचे पुढचे आठ दिवस गेले.

तारखेच्या दिवशी पांढुर्ण्याहून सौंसरची सकाळची बस टपावरसुद्धा भरून गेली. कोणाला म्हणे बियाणं घ्यायचं होतं, कोणाला नातेवाइकाला भेटायचं होतं. नातेवाईक सगळ्यांचे कोर्टातच राहत असावेत. गुणवंतबुवा उपरणं कानांवरून घेऊन मागच्या भिंतीला टेकले होते. मोहगावचे एक जाडजूड गृहस्थ तिसऱ्या बाकावर घाम पुसत होते. ते मुकुंद गायधन्याचे सासरे, आणि वहीत सोळाव्या पानावर होते.

मास्तर पुढे आले. धुतलेला कोट, हातात चष्मा. त्यांनी वही घेतली, पहिलं पान उघडलं आणि घसा साफ केला. रघुनाथरावांना ते सहन झालं नाही. ते उठले.

"हुजूर, हे पान नको. मला पाटी नको, काही नको. दावा परत घेतो मी."

डबीर वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश काही विचारणार, एवढ्यात मास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले,

"रघुनाथ, खाली बैस. वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नाही."

पंचेचाळीस वर्षांचे रघुनाथराव खाली बसले. त्यांच्याबरोबर मागे उभी असलेली चार-पाच माणसंही नकळत बसली.

मास्तरांनी आधी मराठीत वाचलं, मग हिंदीत सांगितलं. आवाज वर्गातला, खणखणीत.

"तारीख चौदा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस, गुरुवार. भ्रमरकांती, प्रथम बाटली. श्री. नत्थूजी काळबांडे, हेडमास्तर. मिशीकरिता. परिणाम : मिशी उत्तम. वरचा ओठही काळा झाला, ताक लावूनही रंग निघाला नाही."

कोर्टात पंख्याची दोरी ओढणाराही थांबला.

"ये नत्थूजी काळबांडे कौन हैं?" न्यायाधीशांनी कागदावर लिहीत विचारलं. "जिंदा हैं? उन्हें गवाही के लिए बुलाया जा सकता है?"

"बुलाने की जरूरत नहीं, हुजूर," मास्तर म्हणाले. "जो पढ़ रहा है, वही है."

न्यायाधीशांची लेखणी थांबली. त्यांनी मिशीकडे पाहिलं, मग सभ्य माणूस असल्यामुळे लगेच दुसरीकडे पाहिलं. वही खाली ठेवून मास्तरांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यायला सांगण्यात आलं. त्यांनी शपथ घेतली. ही बाटली कुठून घेतली, नाव काय होतं, तारीख कशी लक्षात राहिली, असे प्रश्न झाले.

"तारीख कोण विसरेल?" मास्तर म्हणाले. आता ते मराठीतच बोलत होते आणि डबीर वकील हळूहळू हिंदी करत होते. "दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडा चढवायचा होता. नागपूरहून फोटोवाला येणार होता. बेचाळीसमध्ये माझी दोन पोरं, म्हणजे वर्गातली, जेलात गेली होती. तीही येणार होती. आरशात पाहिलं तर मी थकलेला म्हातारा दिसून राहिलो होतो. वाटलं, नवा देश आहे, पहिलाच झेंडा आहे, तो चढवणारा असा नको दिसायला. रघुनाथ माझा विद्यार्थी. त्याला म्हटलं, काही कर. त्यानं दुपारभर घोटून दिलं. ओठ काळा झाला म्हणून मी झेंडागीत तोंडावर रुमाल धरून म्हटलं. लोकांना वाटलं, मास्तर रडून राहिले."

त्यांनी चष्मा मिटून खिशात ठेवला.

"तेही खोटं नव्हतं."

कोर्टात कोणी हसलं नाही. हसायची सगळी तयारी करून आलेली माणसंही नाहीत.

गायधन्याचा वकील उठला. एकच नाव कसं पुरेल, पुढची सगळी पानं वाचली पाहिजेत, प्रत्येक नाव, प्रत्येक गाव, असं तो म्हणू लागला. तिसऱ्या बाकावरून मोहगावचे सासरे अर्धवट उठले आणि जावयाकडे पाहून त्यांनी मान अशी हलवली, की मुकुंद गायधन्यानं वकिलाचा कोट मागून धरून ओढला.

"बस्स, वकीलसाहेब. बसा."

"अहो, पण आपली बाजू..."

"बसा म्हणून राहिलो नं! उतरवतो मी पाटी. आजच्या आज उतरवतो."

न्यायाधीशांनी तडजोड लिहून घेतली. पुढची पानं वाचायचं कारण उरलं नाही, वही रघुनाथरावांना परत मिळाली. बाहेर आल्यावर गुणवंतबुवांनी उपरणं कानांवरून काढलं आणि सगळ्यांदेखत मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तर म्हणाले, "उठा बुवा, मातीनं कल्ले खराब होतील." पण हे त्यांनी अगदी हळू म्हटलं.

गायधन्यानं पाटी उतरवली ती रघुनाथरावांनी पाहिली. जिंकलेल्या माणसाला होतो म्हणतात तसला आनंद त्यांना झाला नाही. परतीच्या बसमध्ये ते मास्तरांशेजारी बसले होते.

"सर, माझ्या पाटीसाठी तुमची पत गेली."

"पत गेली का राहिली ते घरी गेल्यावर कळेल," मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. त्यांची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा थोडी वाकलेली दिसली. "देवकाला मी नऊ वर्षं सांगितलं नाही. ती समजते, आमच्या घराण्यातच केस उशिरा पिकतात."

बस पांढुर्ण्याला पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. बातमी आधीच्या गाडीनं आली होती. रघुनाथरावांच्या दुकानाच्या पायरीवर मास्तरांच्या पत्नी देवकाबाई बसल्या होत्या, शेजारी अंबाबाई. देवकाबाईंचे केस कापसासारखे पांढरे. मास्तर समोर येऊन उभे राहिले, उशिरा आलेलं पोरगं वर्गाच्या दारात उभं राहावं तसे.

"तुला कळलंच असेल," ते म्हणाले.

"काय कळायचं आहे?"

"मिशीचं."

"ते आज कळलं का मला?" देवकाबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं उशीच्या खोळी कोण धुऊन राहिलं? कोर्टातला चपराशी?"

अंबाबाईंनी पदर तोंडाला लावला. रघुनाथरावांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की जाम नदीच्या घाटावर गावातल्या सगळ्या खोळी एकमेकींना केव्हाच भेटल्या होत्या. सत्तावीस नावं सत्तावीस घरच्या बायकांना पाठ होती. बहुधा प्रमाणासकट.

"मग बोलली नाहीस ती कधी?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही इतकं जपून राहिले होते. म्हटलं, जपू द्या." देवकाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दुकानाच्या फळीशी गेल्या. "रघुनाथा, एक बाटली दे."

"काकू, सरांची अजून अर्धी शिल्लक असेल."

"त्यांची नाही, माझी. यांच्या बाजूनं चालली का लोक मला यांची माय समजून राहिले. मागच्या बाजारात एका संत्रेवाल्यानं विचारलं, 'मायबाई, पोरगं काय करते?' माझ्या बापानं मला यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान पाहून दिलं होतं."

रघुनाथरावांनी बाटली काढली. सवयीनं वही उघडली, दौतीत लेखणी बुडवली आणि त्यांचा हात अडला.

"काकू, नाव नाही लिहिलं तरी चालते आता."

"काहून नाही लिहायचं? लिही. देवकाबाई नत्थूजी काळबांडे, केसांकरिता." त्यांनी वाकून पानाकडे पाहिलं. "आणि हे असं किडामुंगीचं नको लिहू. सगळ्यांना वाचता येईल असं लिही."